दुकानाच्या कार्डावरची लेट फी निमूटपणे भरू नका

मॉलच्या बिलिंग काउंटरवर ‘आजच्याच खरेदीवर सूट’ असं सांगून जे क्रेडिट कार्ड गळ्यात मारतात, ते दुकानाचं नसतं. नाव आणि पॉइंट दुकानाचे, उधारी बँकेची. तुमचे व्यवहार बघायचीही दुकानाला परवानगी नाही. म्हणून लेट फी लागल्यावर काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. स्टेटमेंटवर कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव असतं, तक्रार तिथेच करायची.

चीड येते ती याची, की नियम ग्राहकाच्या बाजूने असतात आणि कस्टमर केअरवाले ते सांगतच नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये आणलेल्या नियमांनुसार ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, उलटून तीनपेक्षा जास्त दिवस गेले तरच लेट फी लावता येते. ड्यू डेट 5 तारीख असेल आणि पैसे 8 ला जमा झाले, तर लेट फी नाही. फी ठरवायची तीही ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर, अख्ख्या बिलावर नाही. मात्र मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरून गप्प बसू नका. त्याने लेट फी टळते, व्याज टळत नाही. बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर 18 टक्के जीएसटी.

दुकानाच्या कार्डावर सगळ्यात जास्त घोळ होतो तो परत केलेल्या मालाचा. 3,000 चं बिल आलं, 1,800 चा ड्रेस परत केला, म्हणून ग्राहक 1,200 भरतो. पण स्टेटमेंट निघाल्यानंतर आलेला रिफंड पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो आणि फोनवर उत्तर मिळतं, ‘रिफंड म्हणजे पेमेंट नव्हे.’ हे उत्तर चूक आहे. ड्यू डेटच्या आत आलेला रिफंड न भरलेल्या बिलातून लगेच वजा करून ग्राहकाला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. रिफंड ड्यू डेटपर्यंत आलाच नसेल तर मात्र पूर्ण 3,000 भरा. जास्तीची रक्कम नंतर खात्यात मागून घेता येते.

तक्रार फोनवर करू नका, ईमेलने करा. कार्डाचे शेवटचे चार आकडे, स्टेटमेंटची तारीख, ड्यू डेट, पैसे भरल्याची तारीख आणि यूटीआर नंबर (त्या बँक व्यवहाराचा क्रमांक) लिहा. लेट फी आणि तिच्यावरचा जीएसटी अशा दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून परत मागा, नाहीतर फी परत येते आणि जीएसटी तसाच राहतो. तक्रार क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी फोन 14448.

थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवण्याआधी बँकेने तुम्हाला तशी नोटीस द्यायला हवी. ती आली नसेल तर त्याच ईमेलमध्ये तेही लिहा.

आणि कार्ड बंद करायचं असेल तर आधी बाकी शून्य करा, मग लेखी विनंती पाठवा. ‘आणखी एक ऑफर देतो’ म्हणत फोन फिरवत राहणं चालत नाही. सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. विनंतीच्या ईमेलची तारीख जपून ठेवा, ते पैसे मागताना तीच लागते.