खुलासा: वारली चित्रकला १९७० नंतर 'शोधली' गेलेली नाही

'वारली चित्रकला जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात शोधून काढली, त्याआधी ती नव्हतीच' असा मजकूर सध्या ग्रुपवर फिरतोय. मशे हे नावाजलेले वारली चित्रकार; त्यांच्याबद्दलच्या आदरापोटीच तो पाठवला जातोय, हे कळतं. पण माहिती चुकीची आहे.

ही चित्रं मुळात वारली आदिवासींच्या लग्नघरातली, आणि ती काढायच्या सवाशिणी. भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. त्या चौकात पालघट ही वारल्यांची देवी असते. डहाणू भागातल्या एका लग्नघरी मी ते काम जवळून पाहिलंय: गेरूने सारवलेली कुडाची भिंत, वाटीत तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. एक आजी चौकटीच्या रेघा ओढत होत्या आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात होती. आजींना हे त्यांच्या आईने शिकवलेलं.

मग मशे यांनी काय केलं? लग्नविधीपुरती असलेली ही कला पुरुष असूनही त्यांनी हाती घेतली आणि रोजची केली. भिंतीवरून ती कागद-कापडावर आणली. शेतं, मासेमारीची जाळी, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच त्यात भरला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. हे काम एवढं मोठं आहे की त्याला 'शोध' म्हणायची गरजच नाही. शिवाय तसं म्हटलं की त्या सगळ्या बायका पुसल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.