सात हजार दोनशे प्रदक्षिणा

आमचे बाबा रोज सकाळी सोवळं नेसतात, कॉम्प्युटरचं बटण दाबतात, हात धुतात आणि मग देवघरात शिरतात. देवांची आंघोळ होईपर्यंत पडद्यावर नुसता काळोख असतो. गंध-फुलांच्या वेळी ठिपक्यांचं चक्र फिरायला लागतं. बाबांनी आरतीचं तबक उचललं की वॉलपेपर दिसतो, म्हणजे माझ्या मुलीचा तिसरीतल्या स्नेहसंमेलनातला मोराच्या वेशातला फोटो. ती आता बारावीला आहे. माउस मात्र प्रसाद वाटून झाल्याशिवाय हलत नाही.

याबद्दल घरात कुणाचीही तक्रार नव्हती. कॉम्प्युटर २०१३ च्या दसऱ्याला घेतलेला. दर खंडेनवमीला आई त्याला हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते, आणि वर्षभर आम्ही त्याला कशालाही नाही म्हणत नाही. पण बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याची नोटीस चौदा दिवस आधी. गेल्या सप्टेंबरात ताळेबंदाची फाइल उघडायला घेतली तर ती उघडेपर्यंत बाबा दोनदा पेंगले. तरीही आम्ही काही केलं नसतं. पावतीचं प्रकरण झालं म्हणून.

झालं असं, की डोंबिवलीत त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती. संध्याकाळी बाबांनी देखभाल शुल्काची पावती छापली. तारखेच्या रकान्यात आजची तारीख आपोआप येईल असं सूत्र माझ्या भाच्याने कधीतरी घालून दिलं होतं. पावतीवर तारीख आली १ जानेवारी २०१२. बाबांनी चष्मा न लावता सही केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका पावती घेऊन दारात उभे. "म्हणजे मी तेरा वर्षं आगाऊ भरलेत. व्याज कुठे जमा दाखवलंय?" २०१२ साली आमच्या इमारतीच्या जागी डबकं होतं आणि त्यात म्हशी बसायच्या, हे त्यांनाही माहीत होतं. पण ते ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत, आणि असा माणूस हातात आलेला कागद सोडत नाही.

त्याच दिवशी बँकेची वेबसाइट उघडेना. "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही", असा लाल त्रिकोण. मग एकेकाने निदान सांगायला सुरुवात केली. व्याजवाले काका म्हणाले, व्हायरस. बायको म्हणाली, "डेस्कटॉपवर चारशे फोटो ठेवलेत, त्याला श्वास तरी घेता येईल का?" आईचं म्हणणं, नवरात्रापर्यंत थांबा, हळदकुंकू लागलं की बरं वाटेल त्याला. मी दोन रविवार घालवून चाळीस जीबी कचरा काढला. त्यात कमळावर लिहिलेले सुप्रभातच एकशे सत्तर निघाले. वेगात तसूभर फरक नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तरच जागा करून उपयोग होतो, हे मला नंतर कळलं. बायकोला मी ते अजून सांगितलेलं नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, टास्क मॅनेजर उघड. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप."

दाबलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मध्ये त्याने मॅगी करून आणली, खाल्ली. मग ती खिडकी आली.

"प्रोसेसर किती?"

"सात टक्के."

"मेमरी?"

"साठ."

"डिस्क?"

"शंभर. आणि लाल."

"हं," तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसलं. "फेकून दे. तसाही पुढच्या महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. तुझा प्रोसेसर अकरावर जाण्याच्या वयाचा नाही."

बाबा मागून ऐकत होते. निवृत्त माणसासमोर वयाचा आणि फेकून देण्याचा विषय एकाच वाक्यात काढू नये. बाबांनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि म्हणाले, "कुणीतरी शहाण्याला बोलव."

शहाणा म्हणून आला तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानामागे बसणारा मुलगा. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आत बारा दसरे निघाले. झेंडूच्या पाकळ्या वाळून पंख्याच्या पात्यांना गुंडाळलेल्या, हळद मदरबोर्डवर, आणि या सगळ्यावर धुळीची दुलई. "काका, हे तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो," तो म्हणाला. आई तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात गेली. मग त्याने रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसली, मुलीच्या कंपासमधला खोडरबर मागितला, आणि सोनेरी दात घासून परत बसवली. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढून दाखवला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की कॉम्प्युटर आपल्या जन्माआधीच्या एखाद्या तारखेला जाऊन बसतो. बँकेच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र २०१२ मध्ये अजून निघालेलंच नसतं, म्हणून ती दार उघडत नाही. चाळीस रुपयांत आम्ही २०२५ मध्ये परत आलो.

पण वेग? तो तसाच. "डिस्क," तो मुलगा म्हणाला. "आत तबकडी असते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या."

बाबा सरसावले. "सात हजार दोनशे प्रदक्षिणा? एका मिनिटात?"

"हो काका."

"मग पुण्य कुठे जातंय?"

त्या मुलाने समजावलं ते मला इतकं आवडलं, की मी पुढे ऑफिसात माझंच म्हणून सांगितलं. तबकडी फिरते, पण तिच्यावरचं वाचणारी सुई एक. सुरू होताना कॉम्प्युटरला हजारो बारक्या फाइली लागतात, आणि त्या तबकडीवर इथे-तिथे विखुरलेल्या. प्रत्येकीसाठी सुई धावणार, तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबणार, उचलणार, पुन्हा धावणार. त्यात व्हायरस शोधणारा आणि अपडेट आणणारा असे दोघे त्याच वेळी त्याच सुईला हाका मारणार.

बाबांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद पसरला. "म्हणजे साहेब मोकळे बसलेत, टेबलावरही जागा आहे, पण रेकॉर्ड रूममधून फाइल आणणारा शिपाई एकच. आणि त्याला सगळे एकदम पिटाळतायत."

"बरोबर काका. साहेब म्हणजे प्रोसेसर, टेबल म्हणजे मेमरी."

"मग शिपाई बदला. साहेब कशाला बदलायचे?"

पुण्याच्या इंजिनिअरने जे फेकायला सांगितलं होतं, ते प्रकरण असं निकालात निघालं.

नवा शिपाई म्हणजे एसएसडी, तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. ती आणायला शनिवारी मी डोंबिवलीहून दादर आणि दादरहून ग्रँट रोड असा उभ्याने प्रवास केला. कोपऱ्यावरही तीच मिळत होती, दोनशे रुपये जास्त देऊन. पण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन न आणलेल्या वस्तूला मध्यमवर्गात प्रतिष्ठा नसते. दोन हजारांच्या आत, २५६ जीबी. डबी उघडली तर हातात बिस्किटाएवढी पट्टी. तबकडी नाही, सुई नाही, हलणारं काहीच नाही. बाबांनी ती कानाशी धरून हलवून पाहिली. "आवाज येत नाही. रिकामी नाही ना दिली?"

जुन्याचं सगळं नव्यावर उतरवायला रात्र गेली. जुनी डिस्क पहाटेपर्यंत कुरकुर करत माहिती देत होती, चार्ज सोपवताना लोक करतात तशी.

सकाळी बाबांनी बटण दाबलं, हात धुतले, देवघराकडे वळले. ते उंबऱ्यावर पोचायच्या आत मोर पडद्यावर. मी घड्याळ लावून मोजलं, एकोणीस सेकंद. मी टाळ्या वाजवल्या. आत देव अजून तसेच, पारोसे.

यथासांग पूजा झाली. आरती झाली, प्रसाद वाटला. बाबा खुर्चीत येऊन बसले, तर पडदा काळा. वाट बघून बघून तो झोपला होता. बाबांनी माउस हलवला तेव्हा उठला आणि पासवर्ड मागू लागला. बाबांना पासवर्ड कधी लागलाच नव्हता. आजवर ते येऊन बसायचे तेव्हा कुणीतरी आधीच टाकलेला असायचा. मुलगी कॉलेजला गेलेली, बायको ऑफिसला. मी आंघोळीला.

मी बाहेर आलो तेव्हा बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"काल तो जुना शिपाई काढला, तो कुठेय?"

"कपाटात. रुमालात गुंडाळून ठेवलाय."

"असू दे," बाबा म्हणाले. "हा नवा जरा उर्मट वाटतोय."