वीणा खाली टेकत नाही, विणेकरी बदलतो

राम कृष्ण हरी, बुवा.

रुग्णालयात आणि बालगृहात जाऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कसं सांभाळावं, या आमच्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "गाणं ही सेवा आहे. आमचे टाळकरी रात्र-रात्र उभे राहतात, त्यांना कुणी समुपदेशक दिला नाही. हे लाड थांबवा, ते पैसे रुग्णांच्या औषधाला द्या."

तुमच्याच उदाहरणावर बोलू. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही, पण विणेकरी बदलतो. पहाऱ्यांची यादी आधीच ठरते, वेळ झाली की दुसरा येऊन वीणा गळ्यात घेतो आणि पहिला मोकळा होतो. कीर्तनातही बुवांनी चरण म्हटलं की मागचे गायक चाल उचलतात आणि तेवढ्यात बुवांचा गळा विसावतो. याला कुणी लाड म्हणत नाही. कर्करोगाच्या उपशामक, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, वॉर्डात एकटी पाठवलेली गायिका मात्र पहारा न बदलता वीणा घेऊन उभी असते. मागे चाल धरणारं कुणी नाही, समेवर दाद नाही, समोरच्याने डोळे मिटले तर तो झोपला की त्याला त्रास होतोय, हेही तिला एकटीलाच ओळखायचं असतं.

म्हणून पहिला नियम दोघांनी जायचा. एक गातो, दुसरा फक्त श्वास, हात आणि नातेवाइकांचे चेहरे बघतो आणि थांबायची खूण करतो. चाळीस मिनिटं गाणं, मग वॉर्डाबाहेर वीस मिनिटं, आणि दिवसाला अशा दोनच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला गळा चालतो, पण लक्ष उडतं, आणि नको त्या खाटेपाशी नको ते पद निघतं.

दुसरी गोष्ट सकाळच्या फोनची. समन्वयकाने निघायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारायचं: कोण गेलं, कुणाला हलवलं, कुणाला आज नको आहे. हा फोन राहिला की काय होतं? पडदा सरकवावा आणि गेल्या मंगळवारी "पुन्हा या, हेच म्हणा" म्हणालेल्या आजींच्या खाटेवर कोरी चादर आणि अनोळखी माणूस. पेटीचा भाता उघडलेला असतो, सूर धरलेला असतो, आणि त्या माणसासाठी लगेच गायचं असतं. आजींसाठी थांबायला क्षणभरही मिळत नाही. असं आठ-दहा वेळा झालं की कलावंत फोन उचलेनासा होतो आणि लोक म्हणतात, हल्लीची मुलं टिकत नाहीत. तेच आधी कळलं तर दारापाशीच दोन मिनिटं थांबता येतं.

बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटं, गाडीला किक मारायच्या आधी, चहाच्या टपरीवर का होईना, बसायचं. "कसं झालं?" विचारू नये, उत्तर "छान" एवढंच येतं. विचारावं: कुठे थांबलास? कुणाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाहीये? पुढच्या वेळी काय नको? तीन दिवसांनी एक फोन. झोप दोन आठवडे लागत नसेल, तर ते समन्वयकाचं काम उरत नाही. समुपदेशकाकडे न्यावं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे.

बालगृहात ओझं निराळं असतं. ढोलकी शिकता शिकता मूल अचानक काहीतरी सांगतं आणि म्हणतं, कुणाला सांगू नका. "नाही सांगणार" असा शब्द कधीही देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवावेत, खोदून प्रश्न विचारू नयेत. मदतीला मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हे आधी शिकवलेलं नसेल, तर वादक ते गुपित घरी घेऊन जातो. त्यात मुलाचंही नुकसान आणि त्याचंही.

एका बाबतीत तुमचं म्हणणं पटलं. लेखातला रोज ध्यान करण्याचा सल्ला आम्ही काढून टाकला आहे. ज्याला आधीच जड झालंय त्यालाच घरी जाऊन स्वतःला सावर म्हणणं बरोबर नव्हतं.

पैशांचं म्हणाल, तर औषधाचे पैसे कुणी मागत नाही. महिन्याला आठ फेऱ्या परवडत असतील तर सहाच कराव्यात आणि उरलेल्या दोनांचे पैसे सोबतीचा दुसरा माणूस, प्रवासखर्च आणि फाटकावरून परत पाठवलं तरी निम्मं मानधन यांसाठी ठेवावेत. सवयीचा आवाज सहा महिन्यांत निघून गेला, तर रुग्णाला पुन्हा परक्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि तेवढा वेळ सगळ्यांपाशी नसतो.

आता एक विनंती. तुमच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला देतात, आणि कुणाला मुद्दाम देत नाहीत? पहारे लावणाऱ्यांना विचारून कळवाल का? वॉर्डाची यादी करताना तो हिशेब आम्हाला हवा आहे.