दशमांश दिल्याने मॉर्मन घरं श्रीमंत होतात का?

पैशाच्या नियोजनावर बोलणाऱ्यांच्या तोंडी मॉर्मन लोकांचं, म्हणजे अमेरिकेतल्या यूटा राज्यात मुख्य ठाणं असलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं, उदाहरण हमखास येतं. दावा साधारण असा: हे लोक कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, आधी चर्चला देतात, उरलेल्यात काटकसरीने भागवतात, कर्जाला शिवत नाहीत आणि म्हणून सुखवस्तू असतात. शिवाय हे देणं ऐच्छिक असतं आणि त्यातून गरिबांची चूल पेटते. यातली काटकसर खरी आहे. बाकीचं तपासायलाच हवं, कारण असं काही ऐकून ज्यांचं महिनाअखेर भागत नाही तीही माणसं दहा टक्के बाजूला काढून ठेवतात.

आधी कर्जाचं पाहू. कर्ज टाळा ही शिकवण जुनी आहे, पण शिकवण आणि वागणूक एकच असती तर 1998 च्या ऑक्टोबरमध्ये चर्चचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांना भर अधिवेशनात सभासदांच्या वाढत्या कर्जांबद्दल चिंता व्यक्त करावी लागली नसती. बेताच्या घरासाठी कर्ज काढा, बाकी दूर राहा, असं त्यांचं सांगणं होतं. त्यानंतर काही वर्षांतच यूटा हे राज्य वैयक्तिक दिवाळखोरीच्या दरात अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या राज्यांत होतं. दशमांशामुळे दिवाळं निघालं असा निष्कर्ष यावरून काढणं चूक ठरेल. यूटात सगळेच मॉर्मन नाहीत. शिवाय लवकर होणारी लग्नं, मोठी कुटुंबं, अनेक घरांत एकाचीच कमाई, ही कारणंही आहेतच. पण दशमांश देणारं घर कर्जात बुडत नाही, हे म्हणणं तिथे टिकत नाही. 1998 मध्येच अमेरिकेत एक कायदा झाला. दिवाळखोरीत गेलेल्या माणसालाही एकूण उत्पन्नाच्या 15 टक्क्यांपर्यंत धर्मादाय देणगी देण्याची मुभा त्याने दिली. कायदा सगळ्याच धर्मांसाठी होता, आणि त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत यूटाचे सिनेटर ऑरिन हॅच होते. म्हणजे सावकार दाराशी उभे असतानाही दशमांश चालू ठेवणारी घरं असतात, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं.

दशमांशामुळे कर्जातून नक्की कोण सुटलं, हे मात्र इतिहासात नोंदलेलं आहे: खुद्द चर्च. मॉर्मन लोकांत तेव्हा बहुपत्नीत्व होतं, आणि त्याविरुद्धच्या 1887 च्या कायद्याखाली सरकारने मालमत्ता जप्त केल्यावर चर्च कर्जबाजारी झालं. 1899 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष लोरेन्झो स्नो यांनी यूटातल्या, दुष्काळाने होरपळलेल्या सेंट जॉर्ज गावात जाऊन दशमांशाची कडक हाक दिली आणि 1907 पर्यंत चर्चचं देणं फिटलं. संस्था वाचली ती सभासदांच्या पैशावर.

'ऐच्छिक' या शब्दाबद्दल. कोणी पगाराची पावती मागत नाही, हे खरं. वर्षाच्या शेवटी माणूस बिशपसमोर, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखासमोर, बसतो आणि पूर्ण दशमांश दिला की नाही ते स्वतःच सांगतो. पण 'नाही' म्हटलं तर मंदिरात जाण्याचा परवाना मिळत नाही, आणि परवाना नसेल तर पोटच्या मुलीचं मंदिरातलं लग्नसुद्धा आईबापांना बाहेर थांबून साजरं करावं लागतं. अमेरिकेत आधी कोर्टात लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट 2019 मध्ये गेली, तेव्हा कुठे सगळ्यांदेखत आधी लग्न करून लगेच मंदिरात जाण्याची मोकळीक अशा घरांना मिळाली. आईला लेकीच्या लग्नाला हजर राहायचं असेल, तर त्या देण्याला निव्वळ ऐच्छिक म्हणणं मला पटत नाही.

गरिबांची चूल पेटते ती मुख्यतः दुसऱ्याच पैशावर. महिन्यातल्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, मॉर्मन लोक दोन वेळचं जेवण सोडतात आणि निदान तेवढे पैसे उपासाच्या निधीत घालतात. अडलेल्या घराचं भाडं किंवा विजेचं बिल बिशप त्यातून भरतो. बिशपच्या कोठारात गल्ला नसतो; बिशपने मंजूर केलेली यादी घेऊन जायचं आणि पीठ, दूध, कडधान्य पिशवीत भरायचं. जमेल त्याने बदल्यात काही काम करायचं. 1936 मध्ये मंदीच्या काळात उभी राहिलेली ही व्यवस्था मला मनापासून आदराची वाटते. दशमांश मात्र सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयात जातो आणि मंदिरं, सभागृहं, विद्यापीठ, धर्मप्रसार यांवर खर्च होतो. उरलेला गुंतवला जातो. 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून 50 लाख डॉलर दंड केला, कारण शेअरांची मालकी 13 कागदी कंपन्यांआड ठेवली होती. 2018 पर्यंत ही गुंतवणूक सुमारे 32 अब्ज डॉलरवर गेली होती. चर्चने झालेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त केला. मदतकार्यावर 2023 मध्ये 1.36 अब्ज डॉलर खर्च केल्याचंही चर्च सांगतं, आणि ही रक्कम लहान नाही. पण आपल्या दहा टक्क्यांतून शेजारच्या विधवेचं घर चालतं, असं समजून देणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असायला हवा.

आता मुख्य मुद्दा: दिलं की गरिबी हटते. 2018 मध्ये नैरोबीत तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी साधारण हेच सांगितलं, की पिढ्यान्‌पिढ्यांचं दारिद्र्य लोक दशमांश देईपर्यंत सुटत नाही. श्रद्धा म्हणून कोणी हे मानावं. दशमांश द्या, मी स्वर्गाच्या खिडक्या उघडून आशीर्वाद ओतीन, हे बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन त्यामागे आहे. पण तीन लाख डॉलर कमावणाऱ्याकडे दशमांशानंतर दोन लाख सत्तर हजार उरतात, तीस हजारवाल्याकडे सत्तावीस. टक्का एकच, पण दुसऱ्या घरात तो मुलांच्या दातांच्या खर्चातून जातो. वर मुलगा दोन वर्षं धर्मप्रसाराला गेला, तर 2020 पासून अमेरिकेतल्या घरांना त्यासाठी महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, म्हणजे एकूण 12,000.

गरिबी कशाने हटते, याचं उत्तर चर्चच्याच कामात सापडतं. 2001 मध्ये हिंक्ली यांनी गरीब देशांतल्या तरुण सभासदांसाठी शिक्षणनिधी सुरू केला. त्यातून शिकायला पैसे मिळतात आणि नोकरी लागल्यावर ते थोड्या व्याजासह फेडायचे असतात. कर्जच ते.