मुंबई ते नागपूर : 680 किलोमीटर आणि सात तास

गेल्या पावसाळ्यात मोठे काका गेल्याचा वर्ध्याहून पहाटे फोन आला, तेव्हा "विमानाने दीड तासाचा तर प्रवास, तू येईपर्यंत थांबतो" असे तिकडून सांगण्यात आले. मी लगेच डोंबिवलीहून निघालो आणि सुदैवाने तिकीटही मिळाले, तरी अंगणात पाऊल टाकेपर्यंत सात तास उलटले होते. दीड तासाच्या त्या आकड्यावर विसंबून सगळे ताटकळत बसले होते, हे मला अजून लागून राहिले आहे.

मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. जेट विमानाचा ताशी 750 ते 800 किलोमीटर वेग धरून भागाकार केला, तर उत्तर तासाच्या आतच येते. पण हा वेग उंचीवर गेल्यानंतरचा असतो. 10,000 फुटांखाली विमानाने सर्वसाधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरची मर्यादा पाळायची असते. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, केवळ उड्डाणाची नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरात असते, त्यामुळे उड्डाणासाठी रांग लागते आणि येणाऱ्या विमानांना कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे सारे गृहीत धरूनच कंपन्या दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ छापतात, आणि त्यात मला लबाडी वाटत नाही.

माझा आक्षेप पुढच्या हिशेबाला आहे. डोंबिवलीहून विमानतळापर्यंत दोन तास. बहुतेक कंपन्यांचे काउंटर 60 मिनिटे आधी बंद होत असल्यामुळे दीड तास आधी पोहोचणे. उड्डाणाचा दीड तास. सामानासाठी अर्धा तास. आणि सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, वर्ध्यापर्यंत आणखी दीड तास. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांनी प्रवासाच्या वेळेशेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत, विमानतळावर हजर राहण्याची वेळ छापली पाहिजे, कारण घाईत तिकीट काढणारा माणूस बारीक अक्षरांतल्या अटी वाचत नाही.

रात्री कल्याणला गाडीत बसलेला माणूस सकाळी थेट वर्धा स्थानकावर उतरतो. आदल्या संध्याकाळी निरोप मिळाला असता, तर मी निःशंकपणे गाडीनेच गेलो असतो.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. तेथून नागपूरचे हवाई अंतर फारसे बदलत नाही. पण डोंबिवली, कल्याण, पनवेलकडच्या माणसाचा घर ते विमानतळ हा पहिला टप्पा कमी होऊ शकतो, आणि आमच्यासारख्यांचा खरा वेळ तिथेच जातो.