‘आळशी पेशंट’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोरायसिस (त्वचेवर खवले धरणारा आजार) आणि नैराश्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ज्याला बरं व्हायचंय तो रोज मलम लावतो. डिप्रेशन ही आळशी पेशंटची सबब आहे.’ लेख लांबला, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ‘आळशी’? मतभेद जरूर असावेत, ही भाषा कशाला? हा आजार अंगावर वागवणारी माणसं इथे वाचायला येतात. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

मला कॉलेजपासून सोरायसिस आहे. टाळू, कोपरं, गुडघे. खांद्यावर पडणारा भुसा दिसतो म्हणून काळे शर्ट कधीच सोडले. नैराश्य आलं तेव्हा मलमाची ट्यूब उशाशी असायची आणि हात पुढे होत नसे. केसांत भांग पाडत पाडत टाळूला मलम लावायचं, मग पाठ. ज्याला दात घासायला उठवत नाही त्याने हे कसं करायचं? सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. मला तर आज वार कोणता हेच कळत नसे. घेतली की राहिली, या भीतीने मी ती टाळायचो. शेवटी आईने कालनिर्णयवर रविवारांना गोल करायला घेतले, गोळीही तीच हातावर ठेवायची. त्या दिवसांत मला कुणी आळशी म्हटलं असतं तर उरलेलं औषधही सुटलं असतं.

बरं, माझं सोडा. १९९८ साली अमेरिकेत सोरायसिसच्या ३७ रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्यांना त्वचेवर अतिनील किरणांचे उपचार होते. काहींना किरण घेताना ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली. त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर निवळली. किरण तर मशीन देतं, तिथे कुणाचा आळस आड येणार होता? शिवाय टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी जी प्रथिनं सोरायसिसमध्ये वाढतात, ती नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांतही वाढलेली आढळतात. म्हणून मी लिहिलं होतं की त्वचेच्या डॉक्टरांनी झोप आणि मूड विचारावा, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. मलम बंद करा असं मी कुठे लिहिलंय, ती ओळ दाखवाच.

वांगी, आंबट आणि ‘आमच्या ओळखीचे वैद्य’ या तुमच्या सल्ल्यांवर मी काही बोलणार नाही. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. ‘आळशी’ हा शब्द तुम्ही स्वतः मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.