झिरो बघा साहेब

पंपावरचा पोरगा 'झिरो बघा साहेब' म्हणतो, तेव्हा मी मनापासून झिरो बघतो. त्यापुढचे आकडे बघवत नाहीत.

2017 च्या जूनपासून पेट्रोलचा दर रोज सकाळी सहाला बदलायला लागला. त्याआधी दरवाढ कशी सांगूनसवरून यायची. आम्ही ताटावरून उठून पंपावर रांग लावायचो आणि दोन रुपये वाचवायला तासभर सरकारला शिव्या घालायचो. रोजच्या पैशापैशाच्या वाढीनं तो आनंद गेला.

त्यात माझं टायमिंग. 2021 च्या दिवाळीत दर रोज वर चढत होता, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी मी टाकी गच्च भरली. रात्री बातमी आली, केंद्रानं पेट्रोलवरचा अबकारी कर पाच रुपयांनी कमी केला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुढं हात जोडताना बायकोनं आधी माझ्याकडं बघितलं.

त्याच सुमाराला कर्नाटकानं स्वतःचाही कर सात रुपयांनी उतरवला. आपल्याकडं तेव्हा काही हललं नाही. आम्ही पडलो कोल्हापूरकर; कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक. इकडं साधारण एकशे दहा, तिकडं शंभर. लिटरमागं दहा रुपये! ही रक्कम ऐकून शेजारच्या तात्यांचे डोळे पाणावले. "आरं मग इथं कशाला भरतोयस येड्यागत? रविवारी जाऊया की. मी पण येतो, सोबत म्हणून."

सोबत म्हणून तात्या आले, काकू आल्या, आमची सौ. आली. ॲव्हरेज वाढावा म्हणून मी एसी बंद ठेवला, काचा खाली केल्या आणि उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकत गेलो. (हे करू नये. ब्रेक नीट लागत नाही आणि हल्लीच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्येच पेट्रोल कमी जळतं, हे मला नंतर मेकॅनिकनं सांगितलं. सांगताना तो हसत होता.) मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि तात्या खिडकीतून हात काढून त्यांना "जा रं बाबा, तुझं डिझेल हाय" असं सांगत होते.

एकतीस लिटर बसलं. तीनशे दहा रुपये वाचले. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरला तीनसव्वातीन लिटर जळलं, म्हणजे वाचलेलं सगळं परतीच्या वाटेतच उडालं. शिवाय बचत झाली या खुशीत चौघांनी मिसळ खाल्ली. तिचा हिशेब मी मांडला नाही. काकूंनी तिकडून नारळ घेतले, तेही इथल्यापेक्षा महाग निघाले.

पुढं दर गोठले ते गोठलेच. पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, त्या झाल्या की भडका उडणार हे रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे सांगत होते. 10 मार्च 2022 ला निकाल लागले आणि मी त्याच दुपारी टाकी फुल केली. बावीस तारखेपासून दर खरंच चढायला लागला. एका दिवसात ऐंशी पैसे, दुसऱ्या दिवशी ऐंशी पैसे. सहा एप्रिलपर्यंत दहा रुपये! आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकलो होतो.

आणि मग ते पेट्रोल मला जाळवेना. एकशे दहाचं पेट्रोल एकशेवीसच्या दिवसांत मंडईला जाण्यात घालवायचं? बायकोला के.एम.टी. बसनं पाठवलं, पोराला सायकल दिली, मी ऑफिसला चालत गेलो. एक लग्नही चुकवलं. ते सांगलीला होतं. संध्याकाळी खाली जाऊन गाडीवरची धूळ तेवढी पुसायचो. तात्या विचारायचे, "काय, विकायला काढलीस?"

21 मे च्या रात्री केंद्रानं पेट्रोलवरचे आठ रुपये उतरवले. म्हणजे माझं पेट्रोल पुन्हा बाजारभावाचं झालं. आता साठवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळे नटूनथटून गाडीत बसलो आणि किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही.

मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, बॅटरीकडं बघून मान हलवली. "चार्ज धरत नाही ही. नवीनच घाला. किती दिवस उभी आहे?"

मागच्या सीटवरून सौ. म्हणाली, "पेट्रोल मात्र फुल आहे हं."